उन्हात काढलेले फोटो पांढरे का पडतात? कॅमेऱ्याचं एक्स्पोजर समजून घेऊ या

ईदची नमाज झाली की ईदगाहच्या मैदानावर हल्ली गळाभेटीइतकाच वेळ फोटोंना जातो. मग घरी येऊन शीरखुर्मा खाता खाता फोटो बघायला घेतले की बऱ्याच फोटोंत एकच तक्रार निघते. अब्बांची टोपी, कुर्ता आणि मागचं आभाळ, सगळं मिळून एकच पांढरा डाग. टोपीवरची जाळी दिसत नाही, कुर्त्यावरची चिकनकारी दिसत नाही, दाढीचे केस वेगळे दिसत नाहीत. स्टुडिओवाले याला 'फोटो ओव्हर झाला' म्हणतात. पूर्ण शब्द ओव्हरएक्स्पोज, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उजेड आत गेलेला फोटो.

गेल्या काही वर्षांत रमजान ईद ऐन उन्हाळ्यात येते आहे. २०२२ची मेमध्ये आली, २०२३ आणि २०२४ची एप्रिलमध्ये, २०२५ची मार्चच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवसांत सकाळी नऊलाच ऊन कडक असतं. कॅमेरा महाग आहे म्हणून फोटो आपोआप चांगला येईल असं नाही. उन्हात महाग कॅमेराही फसतो आणि साधा मोबाईलही. तो कुठे फसतो हे एकदा कळलं की दुरुस्ती बोटाच्या एका हालचालीची आहे.

फोटो काढावा की नाही हा मसला उलमांचा आहे, या लेखाचा नाही. पण पासपोर्टला फोटो लागतो, मुलांच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला लागतो, हजच्या अर्जाला लागतो. जुन्या निकाहनाम्याची किंवा जमिनीच्या कागदाची नक्कलसुद्धा आता मोबाईलनेच निघते. तेव्हा उपयोग सगळ्यांनाच आहे.

बादली भरली की पाणी सांडतं

कॅमेऱ्याच्या आत, भिंगाच्या मागे सेन्सर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो. त्यावर लाखो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपका ही एक छोटी बादली आहे असं समजा. पावसात बादली ठेवली की पाणी साठतं, तसा तिथे उजेड साठतो. कमी साठला तर त्या जागी काळं दिसतं, जास्त साठला तर पांढरं.

साध्या जेपीईजी फोटोत प्रत्येक ठिपक्याचा हिशेब ० ते २५५ या आकड्यांत ठेवला जातो. ० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. कुर्त्याची एक घडी २३० आणि शेजारची २४० असेल तर दोन्ही वेगळ्या दिसतील. पण बादली भरून वाहायला लागली की दोन्ही २५५. आता तिथे घडी होती, शिलाई होती की नक्षी, याची नोंदच उरली नाही. नंतर एडिटिंगमध्ये ब्राइटनेस कमी केला तर पांढऱ्याचा करडा डाग होतो, नक्षी परत येत नाही. उलट अंधारात राहिलेल्या भागात थोडीफार माहिती शिल्लक असते, ती वर आणता येते. त्यात दाणे येतात, पण चेहरा ओळखू येतो. म्हणून उन्हात एकच धोरण ठेवावं: पांढरं आधी वाचवायचं, काळ्याचं नंतर बघू.

रॉ फाईल काढणाऱ्यांना थोडी सवलत मिळते, पांढऱ्यातलं काही परत ओढता येतं. पण सांडलेलं पाणी रॉमध्येही परत येत नाही.

उजेडाचे तीन नळ

आत किती उजेड मोजला जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं.

पहिली, अॅपर्चर. भिंगातलं भोक लहान-मोठं करणारी पाकळ्यांची झडप. याचे आकडे एफ-२, एफ-२.८, एफ-४, एफ-५.६, एफ-८, एफ-११, एफ-१६ असे जातात. नवख्याला इथेच घोळ होतो, कारण आकडा मोठा तर भोक लहान. अपूर्णांकासारखं लक्षात ठेवा: एक सोळांश हा एक चतुर्थांशापेक्षा लहानच असतो.

दुसरी, शटर स्पीड, म्हणजे झडप किती वेळ उघडी राहिली. १/१२५ सेकंद, १/२५०, १/५०० वगैरे. तिसरी, आयएसओ. याने बाहेरचा उजेड वाढत नाही, आलेल्या उजेडाला कॅमेरा किती मोठं करून दाखवतो ते ठरतं. रेडिओचा आवाज वाढवावा तसं. आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसे आयएसओ वाढवला की दाणे वाढतात.

या तिन्हींमध्ये एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. या पायरीला स्टॉप म्हणतात. हे एवढं गणित आलं तर पुरे, सातवीच्या मुलालाही जमतं.

भोक लहान केल्याने चित्र स्पष्ट होतं, ही गोष्ट आपल्याकडच्या एका नावाशी जोडलेली आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे काहिरात काम केलेले इब्न अल-हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) यांनी सूर्यग्रहणाच्या आकृतीवर लिहिलेल्या रिसाल्यात दाखवलं की बारीक छिद्रातून पलीकडे पडणारा प्रकाश ग्रहणातल्या सूर्याची कोर दाखवतो, आणि छिद्र मोठं केलं की ती कोर पुसली जाते. अंधाऱ्या खोलीला लॅटिनमध्ये कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणत, त्यातला 'कॅमेरा' म्हणजे खोली. उर्दूतला आपला 'कमरा' पोर्तुगीजांमार्फत त्याच लॅटिन शब्दावरून आलेला आहे. कॅमेरा म्हणजे कमराच.

कॅमेऱ्याशिवाय उजेड ओळखण्याचा नियम

रीळ होतं तेव्हा फिल्मच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर सूर्याची, ढगांची चित्रं आणि त्यापुढे आकडे छापलेले असत. त्यामागचा नियम 'सनी सिक्स्टीन' म्हणून ओळखला जातो आणि डिजिटल कॅमेऱ्यालाही तितकाच लागू पडतो. स्वच्छ ऊन असेल, सावली ठळक पडत असेल, तर अॅपर्चर एफ-१६ ठेवा आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद; कॅमेऱ्यावर तो नसेल तर जवळचा १/१२५.

इथून पुढे दोन्हीकडे सारख्याच पायऱ्या चढायच्या. एफ-११ला १/२५०, एफ-८ला १/५००, एफ-५.६ला १/१०००, एफ-४ला १/२०००, एफ-२.८ला १/४०००. सगळ्यांत उजेड तेवढाच.

आता उन्हातले फोटो ओव्हर होण्याची दोन मोठी कारणं इथेच सापडतात. लग्नाचं शूटिंग करणारी बरीच मुलं ५० एमएमची एफ-१.८ लेन्स घेतात, कारण मागचं धूसर छान येतं. पण भर उन्हात आयएसओ १००लाही एफ-१.८साठी जवळजवळ १/१०००० सेकंद लागतो, आणि अनेक कॅमेऱ्यांचा शटर १/४०००वर संपतो. कॅमेरा बिचारा आकडा लुकलुकवून सांगत असतो, तिकडे कोणी बघत नाही. भोक एफ-४ किंवा एफ-५.६पर्यंत लहान करा, नाहीतर लेन्सवर एनडी फिल्टर लावा. हा फिल्टर म्हणजे लेन्सचा काळा चष्मा.

दुसरं कारण, रात्रीच्या हॉलमधली सेटिंग सकाळी तशीच राहणं. निकाहच्या हॉलमध्ये आयएसओ ३२०० ठेवलेला असतो. १०० ते ३२०० म्हणजे पाच स्टॉप, ३२ पट. त्या सेटिंगवर सकाळी वलीम्याच्या मांडवाबाहेर फोटो काढले तर मॅन्युअल मोडमध्ये काहीच वाचत नाही. बाहेर पाऊल टाकलं की आधी आयएसओ १०० किंवा २००वर आणायचा. जोडे घालण्याइतकी ही सवय अंगवळणी पडली पाहिजे.

दिवसा फ्लॅश लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५०च्या वर जात नाही. म्हणजे वरच्या हिशेबाने उन्हात भोक एफ-११ला आणावंच लागेल. फ्लॅश लावून एफ-२.८ ठेवलं की फोटो ओव्हर होणारच, त्यात फ्लॅशचा दोष नाही.

उजेड कमी होईल तसं भोक मोठं करायचं. हलक्या ढगात, सावलीच्या कडा मऊ झाल्या की एफ-११. ढगाळ असेल तर एफ-८. गच्च आभाळ भरलं असेल तर एफ-५.६. आणि उन्हाच्या दिवशी झाडाच्या किंवा भिंतीच्या मोकळ्या सावलीत एफ-४. ऊन एफ-१६ आणि सावली एफ-४, म्हणजे चार स्टॉप, १६ पटीचा फरक. आपला डोळा हा फरक सहज पचवतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला पचत नाही.

कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही

मग ऑटोमध्ये कॅमेरा स्वतः ठरवतो ते कसं? आत उजेड मोजणारं मीटर असतं. समोरून परत येणारा उजेड ते मोजतं, आणि समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असं धरून चालतं. करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा. झाडं, रस्ता, विटा, माणसं यांची सरमिसळ असली की सरासरी त्याच्या आसपास येते आणि फोटो बरा येतो. पण फ्रेममध्ये पांढरं भरलं तर ते मीटर म्हणतं, उजेड फार झाला, कमी करा. मग पांढरा कुर्ता मळका दिसतो. काळं भरलं तर म्हणतं, अंधार आहे, वाढवा. मग काळा बुरखा करडा होतो आणि त्यातले चेहरे, हात, कडेला उभी असलेली पांढऱ्या फ्रॉकमधली पोरगी, सगळे जळून जातात. नवे कॅमेरे आणि मोबाईल बरेच हुशार झालेत, चेहरे ओळखतात, तरी मूळ ओढ हीच.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण उमरा किंवा हजहून आलेल्या फोटोंत सापडतं. मस्जिद-उल-हरामच्या मताफमधली फरशी ग्रीसच्या थासोस बेटावरच्या संगमरवराची आहे, अगदी पांढरी. त्यावर पांढऱ्या एहराममधले हजारो लोक. आणि मधोमध काबा शरीफ, काळ्या रेशमाच्या गिलाफमध्ये, ज्यावर सोनेरी-रुपेरी तारेने आयती विणलेल्या आहेत. कॅमेऱ्यासाठी यापेक्षा अवघड इम्तिहान नाही.

जवळून, गिलाफने फ्रेम भरून फोटो काढला तर कॅमेरा उजेड वाढवतो. गिलाफ करडा येतो आणि सोनेरी अक्षरं पांढरी होऊन एकमेकांत मिसळतात, आयत वाचता येत नाही. वरच्या मजल्यावरून काढला तर फ्रेममध्ये फरशी आणि एहराम जास्त, कॅमेरा उजेड कमी करतो, माणसं मळकट आणि काबा शरीफ नुसता काळा चौकोन. जागा एकच, ऊन एकच, आणि चुका एकमेकींच्या उलट्या. लोक म्हणतात मोबाईल खराब आहे. मोबाईलने दोन्ही वेळा प्रामाणिकपणे करडा शोधला, एवढंच.

इलाज म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं ते. काळ्याने फ्रेम भरली असेल तर उणे १ ते उणे १.५, म्हणजे कॅमेऱ्याला सांगायचं, 'हे खरंच काळं आहे, उजळवू नकोस.' पांढऱ्याने भरली असेल तर अधिक २/३ ते अधिक १. भर उन्हातल्या संगमरवराला मात्र अधिक करताना जपून, एकेका पायरीने, कारण इथे पांढरं सांडायला वेळ लागत नाही. एक विनंती: तवाफ चालू असताना मध्येच थांबून हे प्रयोग करू नयेत. मागून येणाऱ्यांना धक्का लागतो.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा. तिथे भिंतीचा खालचा भाग आणि घुमट संगमरवरी आहेत, मधल्या भागात बेसाल्ट दगडावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. दोन पांढऱ्यांत फरक आहे आणि तो नीट बघणाऱ्याला दिसतो. ओव्हर झालेल्या फोटोत अख्खी इमारत कागदाची वाटते. निळं आभाळ फ्रेममध्ये घेऊन, मीटर सांगेल त्यापेक्षा १/३ किंवा २/३ उणे ठेवून काढा, गिलाव्यावरची नक्षी उमटेल.

ईदगाहवर नेमकं काय होतं

ईदच्या फोटोत पांढरे कपडे भरपूर असतात, मग कॅमेऱ्याने फोटो उलट काळवंडायला हवा. तरी तो ओव्हर का होतो? कारण मोबाईल चेहरा शोधतो. सूर्य वर, डोक्यावर टोपी, कपाळाखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली. सावळा चेहरा, त्यात सावली, म्हणून मोबाईल सगळा फोटो उजळवतो. चेहरा वर येतो आणि टोपी, कुर्ता, आभाळ वाहून जातं. दुसरा प्रकार शामियान्याचा. माणसं शामियान्याखाली, मागे उघडं मैदान, मध्ये तो १६ पटीचा फरक.

इथे सेटिंगपेक्षा माणसं हलवणं सोपं. सगळ्यांना एकाच उजेडात आणा. इमारतीच्या सावलीत उभं करा आणि पाठीमागे आभाळाऐवजी भिंत किंवा झाडी येऊ द्या. अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत असा ग्रुप कधीच नको. सावली मिळत नसेल तर सूर्य त्यांच्या पाठीशी थोडा तिरका घ्या आणि समोर, फ्रेमच्या बाहेर, जमिनीवर पांढरी चादर अंथरा. चादरीवरून परतलेला उजेड टोपीखालच्या सावलीत पोचतो. लग्नातले फोटोग्राफर हेच काम रुपेरी रिफ्लेक्टरने करतात, त्याला पैसे पडतात. आणि घाई नसेल तर फॅमिली फोटो असरनंतर काढा. ऊन तिरपं आणि मऊ झालेलं असतं, कोणी डोळे बारीक करत नाही.

पांढरे कुर्ते आणि काळे बुरखे एकाच ग्रुपमध्ये असले तर उजेड पांढऱ्यावर ठरवा. बुरख्याच्या घड्या गेल्या तर चालतं, आजोबांची दाढी गेली तर चालत नाही. बायकांचे फोटो त्यांना विचारूनच काढावेत आणि विचारूनच पुढे पाठवावेत, हेही जाता जाता.

मोबाईलवर काय दाबायचं

बहुतेक मोबाईलमध्ये अॅपर्चर ठरलेलं असतं, बदलता येत नाही. मोबाईल फक्त शटर आणि आयएसओ हलवतो. म्हणून प्रो मोडच्या भानगडीत न पडताही काम होतं. स्क्रीनवर जिथे सगळ्यात जास्त पांढरं आहे, म्हणजे टोपी किंवा कुर्ता, तिथे बोट टेकवा. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते, ती खाली ओढा. कापडाच्या घड्या दिसू लागल्या की थांबा. बोट दाबून धरलं की अनेक मोबाईलमध्ये ती सेटिंग लॉक होते, मग फ्रेम थोडी हलवली तरी बदलत नाही. उन्हात एचडीआर चालू ठेवा. त्यात मोबाईल कमी-जास्त उजेडाच्या अनेक प्रती घेऊन एकत्र करतो. धावत्या पोरांच्या फोटोत मात्र त्यामुळे कधी दोन हात दिसायच्या ठिकाणी तीन दिसतात.

स्क्रीनवरच्या चित्रावर उन्हात भरवसा ठेवू नका. बाहेर स्क्रीन अंधुक वाटते, म्हणून आपण फोटो उगाच उजळवतो. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर पांढरं सांडलं. काही कॅमेऱ्यांत जळलेली जागा लुकलुकते, ती सोय चालू करून घ्या. सूर्य स्वतः किंवा गाडीच्या काचेवरची चमक लुकलुकली तर हरकत नाही. टोपी लुकलुकली तर पुन्हा काढा.

कागदाचा फोटो

शाळेत पालक व्हॉट्सअॅपवर दाखले आणि मार्कशीट पाठवतात, त्यात हे रोज दिसतं. कागद अंगणात, थेट उन्हात ठेवलेला. लॅमिनेशन चमकलेलं. अक्षरं वाचता येतात, पण फिकट जांभळा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही पांढऱ्यात गेलेली. शिक्का दिसत नसेल तर फॉर्म परत येतो, आणि मुदत संपत आलेली असेल तर वर्ष जातं.

जुन्या कागदांचं तर आणखी नाजूक. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा निकाहनामा, वक्फची सनद, आजोबांच्या नावाचा फेरफार, यांची शाई आधीच उडालेली असते. असा कागद थेट उन्हात ठेवूच नका; शाईलाही ते चांगलं नाही. खिडकीजवळ, ऊन न येणाऱ्या जागी, सपाट टेबलावर ठेवा. खाली काळं कापड नको, कॅमेरा उजेड वाढवेल. तपकिरी किंवा करडा पुठ्ठा चालेल. खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर अर्धा कागद पिवळा आणि अर्धा निळा येतो. मोबाईल कागदाच्या बरोबर वर धरा, आपली सावली पडत नाही ना बघा, बोट कागदाच्या पांढऱ्या भागावर टेकवा. कागद किंचित करडा दिसला तरी राहू द्या, पट्टी वर ओढून त्याला पांढराशुभ्र करण्याच्या मोहात पडू नका. मग फोटो मोठा करून शिक्का, सही आणि तारीख वाचून बघा. उर्दू कागदात नुक्तेसुद्धा बघा, एक नुक्ता गेला की नाव बदलतं. वाचता येत नसेल तर कागद परत घडी घालायच्या आत दुसरा फोटो घ्या.